परीस, भुयार आणि पुरावा

(कर्जत येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



ज्याची हयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, त्याने कादंबरीवर बोलावे याला काही कारण असावे लागते. ते कारण प्रथम सांगतो. दिवाळीनंतर आपल्या परिसरातील काही महाविद्यालयीन तरुणांसमवेत मी पेठच्या किल्ल्यावर, म्हणजे कोथळीगडावर, श्रमदानाला गेलो होतो. दुपारी गुहेत, त्या कोरीव खांबांच्या सावलीत, शिदोऱ्या सुटल्या. एका तरुणाच्या पिशवीतून भाकरीबरोबर एक जाडजूड कादंबरी बाहेर आली. तिचे नाव सांगत नाही, कारण त्या वळणाच्या अनेक कादंबऱ्या हल्ली निघतात. कथानक मात्र त्याने रंगवून सांगितले. गडाच्या पोटात भुयार, भुयाराच्या टोकाला एका सिद्धाची रसशाळा, तेथे मनुष्याला अजरामर करणारी पाऱ्याची कुपी, तिच्या रक्षणासाठी तीनशे वर्षे शपथबद्ध असलेले एक घराणे, ओसाड वाड्यात वाट पाहणारी त्या घराण्यातील शेवटची कन्या आणि या साऱ्याचा छडा लावणारा एक तरुण शास्त्रज्ञ. सांगून झाल्यावर त्याने विचारले, "सर, यातले खरे किती?"

मी हसून वेळ मारून नेली. उतरताना वाटेलगतच्या एका पडक्या देवळाच्या जोत्याशी ताजा खड्डा दिसला. गुप्तधनाच्या आशेने रात्री कुणीतरी येऊन जोत्याचे दगड उखडले होते. शेजारी कुंकू आणि चिरलेली लिंबे पडली होती. त्या मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे तेव्हा ध्यानात आले. आजचे भाषण म्हणजे त्याला उशिरा सुचलेले उत्तर आहे.

अशा कादंबरीकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. विज्ञानकथेचा जन्मच मुळी या मिश्रणातून झाला. इंग्लंडमध्ये १७६४ साली होरेस वॉल्पोलने 'कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहून पडके किल्ले, तळघरे आणि शापित घराणी यांची भयरम्य कादंबरी सुरू केली. त्या परंपरेत मेरी शेलीने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतली तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. ती १८१८ साली प्रसिद्ध झाली आणि पुष्कळ जाणकार तिलाच पहिली विज्ञान-कादंबरी मानतात. तिचा नायक बालपणी पॅरासेल्सस, अग्रिप्पा अशा जुन्या किमयागारांचे ग्रंथ वाचून झपाटलेला असतो आणि पुढे विद्यापीठात आधुनिक रसायनशास्त्र शिकतो. किमयेचे स्वप्न आणि रसायनाचे हात एकत्र आले, की काय अनर्थ होतो, हा त्या कादंबरीचा गाभा आहे. आणि हे केवळ कल्पनेतलेच होते असे नव्हे. प्रत्यक्ष न्यूटनने आयुष्याची कितीतरी वर्षे किमयेच्या हस्तलिखितांवर घालवली होती. ती टिपणे १९३६ साली लंडनला लिलावात निघाली, तेव्हा त्यांतील मोठा भाग अर्थशास्त्रज्ञ केन्सने विकत घेतला. युरोपने आपल्या या पूर्वजाला त्यासाठी टाकून दिले नाही आणि त्याच्या किमयेला विज्ञान म्हणण्याचाही आग्रह धरला नाही. हे दोन्ही एकाच वेळी साधणे सोपे नसते.

मराठीत काय झाले? लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. दोन्ही अद्भुतरम्य. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत जी कैफियत मांडली आहे, ती वाचून आजही गंमत वाटते आणि थोडी टोचणीही लागते. आपल्या लोकांच्या रोजच्या जीवनात, विवाहाच्या चालीरीतींमुळे आणि इतर कारणांमुळे, मनोरंजक असे काही घडतच नाही, म्हणून रंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा आशय. ज्या समाजाने नुकताच सत्तावनचा संग्राम पाहिला होता, त्या समाजाच्या लेखकाला आपल्या अवतीभवती काहीच घडत नाही असे वाटावे! पारतंत्र्य केवळ राज्य नेत नाही, आपल्याच अंगणाकडे पाहण्याची दृष्टीही नेते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे नाथमाधव आले. त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधव पितळे. सिंहगडाच्या परिसरात शिकारीला गेले असता कड्यावरून कोसळून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने १९१३ साली 'वीरधवल' लिहून दोन-तीन पिढ्यांच्या झोपा उडवल्या. आमच्या घरी ती प्रत पाने सुटून दोऱ्याने बांधलेली होती. त्या काळच्या अशा कादंबऱ्यांवर रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची दाट छाया होती. पण नाथमाधवांनी पुढे शिवकालाकडे वळून 'स्वराज्याचा श्रीगणेशा'सारख्या कादंबऱ्या लिहिल्या आणि ही भूक आपल्या मातीवर आणली. भयरम्यतेला आपला वाडा, आपले माजघर आणि आपली आजी नारायण धारपांनी दिली. डॉ. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाला वेगळी वाट दिली. विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, तर? बखरीचे एक पान, एवढ्याच आधारावर ती कथा उभी आहे. पण नारळीकरांनी त्या कल्पनेला पुंजभौतिकीतील संभवांची जोड दिली आणि कथेच्या आतच वाचकाला सांगितले, की हा एक संभव आहे. पानिपतचा पराभव झालाच नाही, असे त्यांनी कुणाला पटवून दिले नाही.

आता किमयेकडे येतो, कारण तो माझा प्रांत. आपल्याकडे तिला रसविद्या म्हणतात. 'रस' म्हणजे पारा. 'रसार्णव', 'रसहृदयतंत्र', 'रसरत्नसमुच्चय' ही ग्रंथांची नावे आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. पाऱ्यावर करावयाचे अठरा संस्कार, नाना प्रकारच्या मुशी, भट्ट्या, यंत्रे, रसशाळा कशी बांधावी याचे तपशील, हे सारे त्यांत आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली आपल्या 'हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास' या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा हिंदूंना प्रयोगविद्या ठाऊकच नव्हती असे मानणाऱ्या पाश्चात्त्य विद्वानांना त्यातून परस्पर उत्तर मिळाले.

या ग्रंथांतील एकच गोष्ट येथे उलगडून सांगतो. जस्त हा धातू हाती लागणे फार कठीण. कारण कच्च्या धातूपासून तो मोकळा होतो त्या उष्णतेत तो वितळलेला राहत नाही. त्याचा उत्कलनबिंदू ९०७ अंश. म्हणजे तो वाफ होऊन निघून जातो आणि हवा लागताच जळून पांढरी राख होतो. ही वाफ हवा लागू न देता खाली वळवून थंड करावी लागते. 'रसरत्नसमुच्चया'त यासाठी वांग्याच्या आकाराची, नळी जोडलेली मूस सांगितली आहे. पुष्कळांना हे कविकल्पनेतले वाटले असते. परंतु राजस्थानात उदयपूरजवळ झावर येथे १९८०च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा तशाच वांग्याच्या आकाराच्या मुशी भट्टीत उलट्या लावलेल्या सापडल्या. वापरून टाकलेल्या मुशींचे तेथे डोंगर आहेत, गावकऱ्यांनी त्या रचून घरांच्या भिंती बांधल्या आहेत. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे एकस्व १७३८ साली घेतले. झावरच्या भट्ट्या त्याच्या शेकडो वर्षे आधीच्या. हा आपला खरा गुप्त इतिहास! तो सांगताना आवाज चढवावा लागत नाही, मूस पुढे ठेवली की पुरते.

मग ही विद्या लोपली कशी? परकीय आक्रमणे हे कारण आपण नेहमी सांगतो, आणि त्यात तथ्य आहेच. पण रसग्रंथच आणखी एक कारण नकळत सांगून जातात. ही विद्या झाकून ठेवावी, उघड केली तर ती निर्वीर्य होते, अशी त्यांची आज्ञा आहे. गुप्ततेचे बंधन विद्येला जपते असे त्या आचार्यांना वाटले. प्रत्यक्षात जाणता गेला, की त्याच्याबरोबर हातचे कौशल्य गेले आणि मागे श्लोक उरले. प्रफुल्लचंद्र रायांनी आणखी कठोर शब्दांत सांगितले आहे, की ज्यांची बुद्धी चालत होती त्यांनी हाताने काम करणे कमीपणाचे मानले आणि ज्यांचे हात चालत होते त्यांना विद्येपासून दूर ठेवले. तेव्हाच प्रयोग संपला. समरसतेविषयी आपण जे बोलतो, त्याचे हे रसायनशास्त्रातील प्रमाण आहे. कोणा शत्रूला दोष न देता ते ऐकून घेण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे.

त्याच परंपरेत याच्या उलट सांगणारेही आचार्य होऊन गेले. 'रसेंद्रचिंतामणी'चा कर्ता म्हणतो, की जाणत्यांकडून ऐकलेले आणि शास्त्रात वाचलेले, पण स्वतः करून पाहता न आलेले, ते मी येथे लिहिलेले नाही. जो करून दाखवतो तो गुरू, ते पुन्हा करून दाखवतो तो शिष्य, बाकी दोघेही रंगभूमीवरचे नट, असा त्याचा निवाडा आहे. पूर्वजांचा अभिमान धरायचा तर या वाक्याचाही धरावा लागेल.

आणि तो धरायचा तर आपल्यालाच अडचणीत टाकणारा एक विषय काढल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव येथे बहुतेकांना माहीत असेल. मुंबईचे विद्वान, संस्कृतज्ञ, विमानविद्येचा ध्यास घेतलेले गृहस्थ. त्यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर पाऱ्याच्या शक्तीने चालणारे विमान उडवले आणि इंग्रजांनी ते दडपले, असे आपण व्यासपीठांवरून ऐकतो. मीही तरुणपणी दोन-तीन बौद्धिकांत ते छातीठोकपणे सांगितले आहे. तळपदे खरे, त्यांचा ध्यासही खरा. परंतु विमान उडाल्याचा विश्वसनीय समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा या संदर्भात हवाला दिला जातो, त्याची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा आहे आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. ते विमान उडाले असावे, असे मला आजही फार वाटते. पण वर्गात एखादा विद्यार्थी 'मला फार वाटते' असे म्हणून उत्तर लिहू लागला, तर मी त्याला गुण दिले नसते.

तळपद्यांवर कादंबरी लिहा, अवश्य लिहा. चौपाटीवरची भरती, वाळूवरचे यंत्र, काचेच्या पेट्यांत हिंदकळणारा पारा, गर्दीत उभा असलेला गोरा हेर. मी पहिली प्रत विकत घेईन. पण ती कादंबरी भाषणात आली की झावरची मूससुद्धा संशयास्पद होते. खोट्या नाण्याबरोबर खरे नाणेही बाजारातून उठते, हा तोटा शेवटी आपलाच.

मराठी मनाला किमयेचा मोह नवा नाही आणि तिला दिलेले उत्तरही नवे नाही. 'नवनाथ भक्तिसारा'तील मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यातून निघताना झोळीत सोन्याची वीट घेतात. रानात त्यांना चोराचे भय वाटू लागते. गोरक्ष ती वीट फेकून देतो आणि गुरूचा राग पाहून आख्खा गर्भगिरी पर्वत सोन्याचा करून दाखवतो. नामदेवांच्या घरी परीसा भागवताचा परीस आला, तेव्हा नामदेवांनी तो चंद्रभागेत टाकला. आपल्या आजीने सांगितलेल्या या कथा. सोने करता येते की नाही, या वादात त्या पडत नाहीत. सोने झाले तर माणसाचे काय होते, हे विचारतात. मेरी शेलीने तरी वेगळे काय विचारले? २०१८ सालच्या 'तुंबाड' चित्रपटानेही, पावसात भिजणाऱ्या कोकणी वाड्यात, तेच विचारले. उत्तम अद्भुतकथेची सामग्री आपल्या घरात आहे, ती ब्रिटनच्या किल्ल्यांतून आणावी लागत नाही.

आणि ती आपल्या या दोन तालुक्यांत किती आहे! कोंडाण्याच्या लेण्यांत चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एका भग्न मस्तकापाशी ब्राह्मी अक्षरे आहेत. कण्ह नावाच्या गुरूच्या बलक नावाच्या शिष्याने ते काम केले, एवढाच अर्थ. कण्ह म्हणजे कृष्ण. कादंबरीकाराला येथे मोह होईल, की हा कण्ह म्हणजेच कान्होबा, कानिफनाथ, सिद्ध, रसविद्येचा आचार्य! कथेत जोडा खुशाल. पण लेणे आहे इसवी सनापूर्वीच्या शतकांतले बौद्ध लेणे आणि नाथसिद्ध त्यानंतर हजार वर्षांनी आले. आपल्या डोंगरात कुणी छिन्नी चालवली आणि गुरूच्या नावाखाली आपले नाव कोरले, ही खरी गोष्ट काही कमी रोमांचक नाही.

ज्या कोथळीगडाच्या गुहेत तो प्रश्न विचारला गेला, त्या गडावर १६८४ साली, छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, मोगलांनी वेषांतर आणि फितुरी यांच्या बळावर कब्जा केला. तो परत घेण्याच्या झुंजीत नारोजी त्रिंबक कामी आले. दारात आलेले आपलेच की परके, हे क्षणात ओळखण्याचा प्रसंग. कोणत्या भुयाराची गरज आहे? खालापूर तालुक्यात उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची फौज महाराजांनी कोंडली. खोपोलीचा तलाव आणि शिवालय नाना फडणविसांचे. १८०० साली नाना गेले, मागे लोहगडावर त्यांची अल्पवयीन विधवा जिऊबाई आणि नानांच्या द्रव्याविषयी न संपणाऱ्या अफवा उरल्या. पुढे इंग्रजांच्या अभयाने ती पनवेलला येऊन राहिली. साडेतीन शहाण्यांतल्या एकाची बालविधवा धुक्यातल्या गडावर एकटी. हा प्रसंग कुणी मनापासून लिहिला, तर परदेशी किल्ल्यातल्या नायिका फिक्या पडतील. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला, त्याचे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेलच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी अॅलिस हिने पुरे करवले. तिचे नाव राहिले. बोगदे खणताना आणि पटकीने मेलेल्या हजारो मजुरांची नावे कुठल्या गुप्त पोथीत आहेत?

येथे थोडे थांबून एक सांगितले पाहिजे. आपल्या डोंगरांना गूढरम्य म्हणणे सोपे आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकर बांधवांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्या धुक्यावर लिहिणाऱ्याची लेखणी तेथे क्षणभर अडखळली नाही, तर त्याने डोंगर पाहिलाच नाही असे मी म्हणेन.

राहता राहिली रसशाळा. तीही आपल्याकडे आहे. खालापूर तालुक्यातील मोहोपाड्याच्या परिसराला 'रसायनी' हे नाव मिळाले, ते हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीच्या आणि इतर कारखान्यांच्या वस्तीमुळे. माझे कितीतरी विद्यार्थी तेथे पाळीवर जात. केंद्र सरकारने २०१७ साली हा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा एक विभाग मात्र वगळला आणि तो इस्रोकडे सोपवण्याचे ठरवले. त्या विभागात नायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होत असे. तांबूस धूर सोडणारे, श्वासात गेले तर जीव घेणारे हे द्रव्य अग्निबाणात इंधनाला जाळण्यासाठी लागणारा प्राणवायू पुरवते. आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाचा दुसरा टप्पा अशाच द्रव्यावर पेटतो. पूर्वीचे सिद्ध पाऱ्याच्या गुटिकेने आकाशगमन साधू पाहत होते. पातळगंगेच्या काठी, मुखवटे घातलेल्या आणि पाळीचा भोंगा होताच डबा उघडणाऱ्या कामगारांनी, ते कोणताही मंत्र गुप्त न ठेवता साधले. यावर मराठीत अजून कादंबरी नाही.

ती लिहील तर तो मुलगा लिहील, असे मला वाटू लागले आहे. त्याला मी परवा निरोप पाठवला, की तुझ्या पुस्तकातली कुपी खोटी, भुयार खोटे, गड खरा आणि तुला पडलेला प्रश्न खरा. त्याने उलट विचारले, "सर, मग त्या देवळाच्या जोत्याचे काय करायचे?" म्हणून सांगतो. पुरातत्त्व खात्याला कळवून, त्यांच्या सल्ल्याप्रमाणे जोत्याचे सुटलेले दगड नीट मांडून ठेवायचे आहेत. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला कर्जत स्थानकाबाहेर जमायचे. घमेली आहेत, पहारी तेवढ्या कमी पडतील. ज्यांच्या घरी असेल त्यांनी आणावी. कादंबरीही आणायला हरकत नाही, दुपारी गुहेत वाचू.